जोडीचा मामला

डिसेंबर २०२५ मधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. मी सबमिशनच्या जर्नलमध्ये मान घालून बसलो होतो. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा, सेकंड इयर ईएनटीसीचा एक ज्युनिअर हातात दुकानाचं कोटेशन घेऊन उभा.

"दादा, जरा बघता का? उद्या बाबा पैसे पाठवणार आहेत."

कोटेशन वाचलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, काचेच्या दाराचं कॅबिनेट, त्यात रंगीबेरंगी पंखे, आणि रॅमच्या पुढे लिहिलेलं : डीडीआर५, ३२ जीबी, १ नग.

"बत्तीस कशाला रे?"

"दुकानदार म्हणाला, पुढच्या दहा वर्षांची चिंता मिटली."

"आणि नग एकच?"

"एक स्लॉट मोकळा राहतो ना दादा. पुढं अजून टाकता येईल."

मला आधी हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण हेच वाक्य मी २०२३ मध्ये एका दुकानात उभं राहून ऐकलं होतं, समजल्यासारखी मान डोलावली होती आणि पुढे दीड वर्ष त्याची किंमत मोजली होती. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलं तर ना! म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेसची घाई आहे ते इथूनच उठू शकतील. डेस्कटॉप घेताना आपल्याला चार वर्षांत एकूण किती रॅम लागेल ते आधी मोजा. त्या आकड्याचे दोन सारखे भाग करा. तशा दोन सारख्या स्टिक एकाच वेळी घ्या. आणि मग चार वर्षं त्याला हात लावू नका. बस्स, एवढंच. पण हे एवढंच का, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

माझी ठेच

ऑगस्ट २०२३. मी कॉम्प्युटर ब्रँचच्या सेकंड इयरला. भाव वाढेल म्हणून घरात राखून ठेवलेलं सोयाबीन अण्णांनी भाव न वाढताच विकलं आणि पैसे माझ्या हातात दिले. मी पुण्याला गेलो आणि मशीन घेतलं. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच. बोर्डवर रॅमचे स्लॉट दोन. रॅम ८ जीबीची एकच स्टिक, पण 'गेमिंगवाली', वर लाल रंगाचा पत्रा असलेली, ३२०० स्पीडची. ४ जीबीच्या दोन घ्यायच्या का, असंही मी विचारलं नाही आणि ८ च्या दोन घ्यायच्या का, असंही नाही. "एक टाकू, पुढं दुसरी टाकता येईल," असं दुकानदार म्हणाला. उरलेल्या पैशांत मी काय घेतलं असेल? चार रंगीत पंखे! (अण्णा हे मासिक वाचत नाहीत, हे बरं आहे.)

गंमत बघा. त्याच सेमिस्टरला मी कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पेपरात 'मेमरी इंटरलीव्हिंग' हा प्रश्न आकृतीसकट लिहिला. मेमरीचे भाग वेगवेगळ्या वाटांवर ठेवले तर एकाच वेळी दोन्हीकडून डेटा आणता येतो, वगैरे वगैरे. मार्क चांगले पडले. पण पेपरातलं ते ज्ञान आणि टेबलाखालचं ते डबडं यांचा काही संबंध असू शकतो, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आपलं शिक्षण असं आहे. उत्तरपत्रिकेत सगळं येतं, दुकानात काही आठवत नाही.

मशीन चालायचं, पण रडतखडत. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब आणि शेजारी कोडिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की माउस चिकटून बसायचा. रविवारी रूमवर गेम लावला की चित्र अडखळायचं. मी विंडोज दोनदा नव्याने टाकलं. पंखे पुसले. अँटीव्हायरस बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

शेवटी आमच्या लॅबमधल्या काकांना विचारलं. काका लॅब असिस्टंट, नोकरीत पंचवीसहून जास्त वर्षं झालेली. ते चहाच्या निमित्ताने रूमवर आले, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले आणि बोट ठेवलं. वापरलेले स्लॉट : दोनपैकी एक. स्पीड : २४००.

"अरे, ३२०० ची म्हणून पैसे दिलेस ना? मग ही २४०० वर का चालतेय?"

मी गप्प.

"आणि ही एकटीच का?"

मी अजून गप्प.

मग काकांनी जुनी गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात पेंटियमच्या मशिनमध्ये ७२ पिनांचे सिम नावाचे मॉड्यूल यायचे. एक मॉड्यूल ३२ बिट रुंद आणि पेंटियमचा मेमरी बस ६४ बिट. म्हणजे एका मॉड्यूलने बस भरायचाच नाही. जोडी लावली तरच मशीन सुरू व्हायचं. पुढे १६८ पिनांचे डिम आले, ते एकटेच ६४ बिट रुंद, म्हणून एकाने काम भागायला लागलं. त्यानंतर ड्युअल चॅनेल आलं. इंटेलने २००३ मध्ये ८६५ आणि ८७५ हे चिपसेट काढले तेव्हापासून पेंटियम ४ च्या साध्या घरगुती मशिनमध्येही ते दिसायला लागलं. तेव्हा बऱ्याच बोर्डांवर स्लॉटना रंग दिलेले असायचे, एका रंगाच्या दोन स्लॉटमध्ये जोडी बसवायची.

काका म्हणाले, "तेव्हा मशीन स्वतःच सांगायचं, की बाबा, एकटीने चालणार नाही. आता एकटीवरपण चालतं आणि तक्रार करत नाही. म्हणून तुम्ही पोरं फसता."

मला वाटतं, या सगळ्या विषयातली ग्यानबाची मेख हीच आहे. चूक केली तरी मशीन चालू होतं. म्हणून चूक झालीय हेच कळत नाही.

मेसच्या भाषेत

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी मेसच्या भाषेत सांगतो. रॅमची जीबी म्हणजे मेसमधल्या पातेल्याचा आकार. पातेलं लहान असेल तर भाजी मध्येच संपते आणि आचारी मागच्या गोडाऊनमधून सामान आणायला धावतो. गोडाऊन म्हणजे तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तो धावला की लाइन थांबली! मशीन हँग झाल्यासारखं वाटतं ते तेव्हा.

स्पीड म्हणजे वाढणाऱ्याच्या हाताचा वेग. आणि चॅनेल म्हणजे खिडक्या. एकच खिडकी असेल तर वाढपी कितीही चपळ असो, लाइन सरकायला वेळ लागणारच. दोन खिडक्या असतील तर तेवढ्याच वेळात दुप्पट ताटं बाहेर पडतील. भाजी तेवढीच, वाढपी त्याच वेगाचे, फरक फक्त खिडक्यांचा.

आता आकडे. एक चॅनेल ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटचा. डीडीआर४ ३२०० याचा अर्थ सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा देवाणघेवाण. (दुकानदार त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात, पण खरी क्लॉक १६०० मेगाहर्ट्झच असते. एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून ३२००.) ३२०० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन चॅनेल असतील तर ५१.२ जीबी. हे झाले कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाहीत, पण प्रमाण कळतं.

माझ्या मशिनचं काय होतं? एक स्टिक आणि तीही २४०० वर. म्हणजे १९.२ जीबी. प्रोसेसरची लायकी ५१.२ ची आणि मी त्याला देत होतो १९.२. टक्केवारी काढा : साडेसदतीस. पासिंगला ४० लागतात, मित्रांनो! माझं मशीन दीड वर्ष नापास होतं आणि मी त्याला पंखे लावत होतो.

पण दोन्ही बाजू सांगायला हव्यात. दोन खिडक्या केल्या म्हणून एकटा जेवणारा लवकर जेवून उठत नाही. वर्डमध्ये रिपोर्ट टाइप करायला, पीडीएफ वाचायला, सी चे छोटे प्रोग्रॅम चालवायला एक स्टिक की दोन, हे तुम्हाला जाणवणारही नाही. प्रोसेसरच्या आतली कॅश मेमरी बरंचसं निभावून नेते. गर्दी असते तिथे फरक पडतो. पहिली गर्दी म्हणजे पोटातलं ग्राफिक्स. वेगळं कार्ड नसेल तर चित्र काढणारा भागही याच रॅममधून खातो आणि तिच्यातला काही भाग स्वतःसाठी राखूनही ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांची मशिन्स याच प्रकारची असतात, कारण कार्डाला पैसे कुठून आणायचे! दुसरी गर्दी म्हणजे मोठाली सिम्युलेशन्स. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा, तो ओपनफोमवर प्रवाहाची गणितं सोडवतो. असल्या कामात प्रोसेसरचे कोअर डेटाची वाट बघत बसतात, म्हणून तिथे खिडक्या फार महत्त्वाच्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची स्वतःची मेमरी असते, मग हा फरक बराच कमी होतो.

माझी दुसरी ठेच

तुम्ही म्हणाल, मग दुकानदाराचं काय चुकलं? आज एक घ्यावी, उद्या दुसरी टाकावी. मलाही तसंच वाटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये, थर्ड इयरला, मोबाइल ॲपचं प्रोजेक्ट आलं. एम्युलेटर चालू केला की ८ जीबी म्हणजे ऊंट के मुंह में जीरा. तेव्हा एका पास आउट झालेल्या सीनिअरने आपली १६ जीबीची स्टिक स्वस्तात दिली. कंपनी वेगळी, स्पीड २६६६. मी खूश. ८ आणि १६, झाले २४!

आता दोन वेगळ्या स्टिक लावल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे, दोघींचा वेग कमी असलेलीच्या बरोबरीने धरला जातो. दुसरी म्हणजे, जोडी जुळते ती फक्त सारख्या भागापुरती. ८ मधले ८ आणि १६ मधले ८ मिळून दुहेरी वाट, उरलेल्या ८ ला पुन्हा एकेरी. इथपर्यंतही ठीक होतं. पण काकांनी स्पीडबद्दल सांगितलेलं माझ्या डोक्यात होतं. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय असतो, तो चालू केल्याशिवाय असल्या गेमिंगवाल्या स्टिक आपल्या छापील स्पीडवर जात नाहीत. ते सांगणं बरोबर होतं, पण एकट्या स्टिकसाठी! मी शहाण्याने ८ वालीचं प्रोफाइल लावून दोघींना ३२०० वर पळवलं. मशीन सुरू झालं. मी कॉलर ताठ केली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. आदल्या रात्री निळा स्क्रीन. पुन्हा चालू केलं, पुन्हा निळा. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा प्रोजेक्टची मुख्य फाइल उघडेना. पार्टनरच्या पेन ड्राइव्हमध्ये आठ दिवसांपूर्वीची कॉपी होती, तीच घेऊन गेलो. गाइड सर एकच वाक्य बोलले : "आठ दिवस काय केलंत?" उत्तर होतं, पण पुरावा नव्हता.

त्या रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल ओळीच लाल ओळी. २६६६ वालीला ३२०० चा वेग झेपत नव्हता. डोळ्याला दिसत नव्हतं, पण अधूनमधून एखादा बिट चुकत होता आणि चुकलेलाच डिस्कवर लिहिला जात होता. तिला तिच्या वेगावर सोडलं, तर एकही चूक नाही. म्हणजे स्टिकचा दोष नव्हता, जोडी लावणाऱ्याचा होता.

फोनवर अण्णांना हे कसंबसं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे बैलजोडीच की रे! एक चालीचा न् एक मंद, अशी जोडी जुपली तर मंदाच्या चालीनंच औत चालतं. अन् मंदाला दामटलं तर तो बसतो खाली." चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जे मला परीक्षेनंतर कळलं, ते त्यांना न शिकता माहीत होतं.

किती आणि कशी

तर 'पुढं टाकू' यात ग्यान असं आहे की पुढे तीच स्टिक मिळेल याची खात्री नसते. तोच मेक आणि तोच मॉडेल नंबर घेतला तरी आतल्या चिपा बदललेल्या असू शकतात. आणि भाव? २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत काय झालं ते आपण पाहिलंच. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरीची भूक लागली. जगातल्या बहुतेक डीरॅम चिपा बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं आणि आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' या नावाने साध्या ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. 'पुढं स्वस्त होईल' या भरवशावर मोकळे ठेवलेले किती स्लॉट त्या महिन्यांत मोकळेच राहिले असतील!

म्हणून एकदाच घ्या, पण मोजून घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, तसं काम पाहून रॅम घ्यावी. मोजायचं कसं? ज्याच्याकडे भरपूर रॅमचं मशीन आहे अशा मित्राकडे जा. तुमच्या ब्रँचचं सगळ्यात जड काम त्यावर एकदम चालू करा. ब्राउझर, सॉफ्टवेअर, गाणी, सगळं. टास्क मॅनेजरमध्ये किती वापर झाला ते बघा. त्यावर चौथा हिस्सा मोकळा धरा आणि बाजारात मिळणाऱ्या पुढच्या मापाला जा. माझा आकडा एम्युलेटरसकट १७-१८ जीबीवर जायचा, म्हणून मी मार्च २०२५ मध्ये दोन्ही जुन्या स्टिक विकून १६ + १६ ची जोडी घेतली. पण फर्स्ट इयरला सी आणि पायथन शिकणाऱ्याला ३२ जीबी म्हणजे एकट्या माणसाला लग्नाचं पातेलं. भाजी कितीही शिल्लक राहिली तरी पोट तेवढंच.

दुसरी शंका : ८ + ८ लावून दोन्ही स्लॉट भरले आणि पुढे खरंच ३२ लागली तर? तर जोडी विकून नवी जोडी घ्यायची. थोडं नुकसान होईल, मान्य. पण ते नुकसान 'कदाचित' आहे. एकेरी खिडकीचं नुकसान रोजचं आहे. मग चार स्लॉटचा बोर्ड घ्यावा का? डीडीआर४ मध्ये ते बऱ्यापैकी चालून जातं. डीडीआर५ मध्ये मात्र चार स्टिक लावल्या की वेग खाली आणावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचं उदाहरण घ्या. कंपनीने स्वतः दिलेला वेग दोन स्टिकला ५२००, चारला ३६००. म्हणजे चार स्लॉट दिसतात म्हणून चारही भरायचे, असं नाही. फक्त एका बाबतीत मी एक स्टिक मान्य करीन : वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि दुसरी स्टिक महिन्या-दोन महिन्यांत येणार हे नक्की आहे. नक्की म्हणजे पैसे वेगळे काढून ठेवलेले. शब्दावर नाही.

आता त्या ज्युनिअरच्या दुकानदाराने आणखी एक पुडी सोडली होती : "डीडीआर५ मध्ये एकाच स्टिकमध्ये दोन चॅनेल असतात, जोडी लागतच नाही." यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार फसवं असतं. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये दोन उपचॅनेल असतात हे खरं, पण प्रत्येक ३२ बिटांचा. बेरीज पुन्हा ६४ च. एकाच खिडकीला मध्ये दांडी लावून दोन झरोके केले, एवढंच. त्याचा थोडा फायदा होतो, पण दुसऱ्या खिडकीची जागा तो घेत नाही. ५६०० ची एक स्टिक ४४.८ जीबी देते, दोन ८९.६ देतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या स्टिकवर साधारणपणे चारच रुंद चिपा असतात आणि १६ जीबीची स्टिक त्यापेक्षा थोडी सरस चालते. त्यामुळे परवडत असेल आणि लागत असेल तर तिथे १६ + १६ उत्तम. परवडत नसेल तर ८ + ८, पण जोडीच.

शेवटी काही हाताच्या गोष्टी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका, बोर्ड तुमचाच आहे. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक शेजारी शेजारी लावायच्या नसतात. बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते, ती बघा. मशीन सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर५ ला एक्सपो, चालू करा, मग एक रात्र मेमटेस्ट लावा. आणि मोठ्या आकड्याला भुलू नका. ३२०० ची सीएल १६ वाली स्टिक पहिला घास १० नॅनोसेकंदांत देते, ६००० ची सीएल ३६ वाली १२ मध्ये. भागाकार करून बघा : १६ भागिले १६०० मेगाहर्ट्झ आणि ३६ भागिले ३००० मेगाहर्ट्झ. दुसरी एकूण माल जास्त वाहते, पण पहिल्या घासाला तीच मागे.

दोन शब्द सरांसाठी

हे मासिक आमचे सर, मॅडम आणि लॅबमधले काकाही वाचतात, म्हणून लहान तोंडी मोठा घास घेतो. आपल्या लॅबसाठी जेव्हा मशिन्स मागवली जातात तेव्हा कोटेशनच्या मागणीत नुसतं '१६ जीबी रॅम' लिहिलेलं असतं. पुरवठादार सगळ्यात स्वस्त पडेल ते देणार, म्हणजे एक स्टिक. त्याचा काही दोष नाही, आपण मागितलंच तेवढं. त्याऐवजी '८ जीबी गुणिले २, एकाच मेकचे, ड्युअल चॅनेलमध्ये बसवलेले' एवढे शब्द वाढवले तर? एका मशिनमागे दोन-तीनशे रुपयांचा फरक धरला, तरी तीस मशिनच्या लॅबला नऊ हजारांच्या आत काम होतं. आणि माल ताब्यात घेताना प्रत्येक मशिनवर टास्क मॅनेजर उघडून दोन स्लॉट भरलेत ना, हे बघायला एक मिनिट लागतं. शिवाय डेड स्टॉकमध्ये गेलेल्या मशिन्सच्या पोटात त्याच जातीच्या स्टिक पडून असतात. रजिस्टरची परवानगी मिळाली तर त्या काढून चालू मशिन्सची जोडी पुरी करता येईल. खर्च शून्य. त्यासाठी रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायला आम्ही चार-पाच जण तयार आहोत.

आणि हो, असा एक प्रयोग प्रॅक्टिकलमध्येच का असू नये? एक स्टिक काढा, काम मोजा. परत लावा, पुन्हा मोजा. इंटरलीव्हिंगची आकृती काढून मिळालेल्या मार्कांपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहील. मला राहिलं असतं, तर आठ दिवसांचं काम वाचलं असतं.

त्या ज्युनिअरचं काय झालं? माझ्या मशिनवर त्याने आपली सॉफ्टवेअर्स चालवून बघितली. आकडा दहा जीबीच्या वर जाईना. त्याने दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला : ३२ चा एक नग नको, ८ चे दोन द्या, आणि रंगीत पंखेही कमी करा. दुकानदार जरा कुरकुरला, पण नवं कोटेशन पाठवलं. त्या दिवसांतल्या भावाने वाचलेली रक्कम लहान नव्हती. त्याने ती घरी परत पाठवली. त्याचे बाबा म्हणाले म्हणे, "कॉलेजातून पैसे परत आलेले पहिल्यांदाच बघतोय!"

असो. कुणाला मशीन घ्यायचं असेल तर कोटेशन घेऊन या. दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरसमोरची रूम. मोजून देईन. चहा मात्र तुमचा, आणि तोही जोडीने, कारण पार्टनरही जागाच असतो.